वडाचा ट्रे आणि चार महिन्यांचा पाऊस: ठाणे-नवी मुंबईत बोन्सायची माती कशी असावी?

मृद्गंध_नौपाडा | ९ मे, रात्री १०:१२

बोन्सायची जी वेळापत्रकं सगळीकडे फिरतात ती जपानच्या ऋतूंवर बेतलेली आहेत. तिथे मार्चमध्ये थंडी सरून झाडांचे डोळे (पालवीच्या कळ्या) फुगतात, म्हणून कुंडीबदल तेव्हा. आपल्याकडे मार्चनंतर अडीच महिने भाजका उन्हाळा, आणि मग जून ते सप्टेंबर ठाण्यात साधारण २५०० मिमी पाऊस. माझं मत असं की वड, उंबर, नांद्रूक या मंडळींचं वर्ष मृगापासून मोजावं आणि कुंडीबदलही त्याच सुमारास करावा.

प्रश्न मातीचा आहे. नर्सरीत सर्रास मिळणारं मिश्रण म्हणजे २ भाग लाल माती, १ भाग रेती, १ भाग शेणखत. खोल कुंडीत ते चालतं. ५ सेंमी खोलीच्या बोन्साय ट्रेमध्ये जुलै संपेपर्यंत त्याचा चिखल होतो, वर हिरवं शेवाळ धरतं, पानं पिवळी पडून गळतात. तर:

१. पावसाळ्यासाठी प्रमाण काय ठेवावं?
२. तळाला खडीचा थर घालावा का?
३. झाड पावसात ठेवावं की आत घ्यावं?

चाळणी | ९ मे, रात्री ११:०५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ट्रेमध्ये माती घालायचीच नाही, कण घालायचे. २ ते ६ मिमी जाडीचे. २ मिमीच्या खालचं सगळं चाळून फेकायचं, कारण हाच भुगा फटी बुजवतो आणि मुळांची हवा बंद करतो.

आपल्याकडे स्वस्त आणि खात्रीचा कण म्हणजे पक्क्या भाजलेल्या लाल विटेचा. वीट स्वतः पाणी धरते आणि दोन कणांच्या मधली फट मोकळी राहते. प्रमाण असं:

थेट पाऊस लागणार असेल तर ६ भाग विटांचे कण, २ भाग जाड रेती किंवा क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती, तीही चाळून), २ भाग चाळलेलं पालापाचोळ्याचं खत. छपराखालच्या बाल्कनीत ५:२:३. दहा लिटर मिश्रणाला निंबोळी पेंड एक मूठ.

विटेबाबत तीन गोष्टी पाहा. एक, कच्ची वीट नको. तुकडा २४ तास पाण्यात बुडवून दोन बोटांत चुरडा. चुरडला तर तो दोन पावसांत पुन्हा चिखल होणार. दोन, पाडकामातली वीट घ्यायची तर तिला चिकटलेला चुना-सिमेंट छिन्नीने पूर्ण काढा, नाहीतर मिश्रण अल्कधर्मी होतं, लोह मिळत नाही आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी निघतात. तीन, सिमेंटचे राखाडी ब्लॉक अजिबात नकोत, कारण तेच.

वीट फोडताना ती ओल्या गोणपाटात गुंडाळा, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. ती धूळ फुप्फुसाला वाईट असते. चाळल्यावर कण बादलीत घालून पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवा.

कोपरीचा_कट्टा | १० मे, सकाळी ७:३०

सहमत नाही. लाल मातीत आणि शेणखतात झाडं पिढ्यान्‌पिढ्या जोमाने वाढत आली आहेत. विटांच्या तुकड्यांत झाडाला खायला काय मिळणार?

चाळणी | १० मे, सकाळी ८:०२

@कोपरीचा_कट्टा, खोड जाड करायचं असेल तेव्हा तुमचंच खरं. पहिली चार-पाच वर्षं झाड मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत, लाल माती आणि शेणखतातच वाढवावं. ट्रेमध्ये आणल्यावर हेतू बदलतो. तिथे खोड फुगवायचं नसतं, बारीक मुळं आणि बारीक काड्या हव्या असतात. अन्न आपण वरून देतो: १९:१९:१९ विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. विटेचं काम पाणी आणि हवा सांभाळण्याचं.

मुळाक्षर | १० मे, दुपारी १:४८

दुसरा प्रश्न, खडीचा थर. घालू नका. उथळ ट्रेमध्ये त्याने नुकसान होतं, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे.

पाणी सुटून गेल्यावरही कुंडीच्या तळाशी एक पट्टा कायम चिंब राहतो. कणांमधल्या बारीक फटी पाणी ओढून धरतात म्हणून. या पट्ट्याची उंची ठरते कणांच्या जाडीवर. कुंडी किती खोल आहे याच्याशी तिचा संबंध नाही. समजा बारीक मातीत हा पट्टा ५ सेंमी आहे. १५ सेंमी खोल कुंडीत वरचे १० सेंमी श्वास घेतात. ५ सेंमीच्या ट्रेमध्ये सगळी मुळं पाण्यात. माती तीच, पाऊस तोच, तरी कुंडीतलं झाड हसतं आणि ट्रेमधलं कुजतं ते यामुळे. तळाला खडी घातली की तो चिंब पट्टा खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या वाट्याची मोकळी जागा आणखी कमी होते.

भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. आता तोच न पिळता उभा करा. पुन्हा धार लागेल. ट्रे म्हणजे आडवा स्पंज.

यातूनच पावसाळ्यातला सर्वांत उपयोगी उपाय निघतो: संततधार असेल तेव्हा ट्रेच्या लांबीच्या एका टोकाखाली अर्धी वीट सरकवा. तिरप्या ट्रेमधून बरंच जास्त पाणी निघून जातं. चार-पाच दिवसांनी टोक बदला. उघडीप पडली की वीट काढा. झाड ट्रेला तारेने बांधलेलं नसेल तर मात्र हे करू नका, मुळांसकट घसरेल.

खारघरची_पारंबी | १० मे, दुपारी ३:२०

स्पंजचं उदाहरण फार आवडलं, करून पाहण्यासारखं आहे.

कुंडीबदलाच्या वेळेबद्दल मृद्गंध यांच्याशी अर्धी सहमती. पिंपळ वेगळा. तो थंडीच्या अखेरीस पानं गाळतो आणि नवी तांबूस पालवी फुटायच्या आधी त्याचे डोळे फुगतात, तीच त्याची वेळ. वड आणि नांद्रूक जूनमध्ये, हे बरोबर. पण "मृग" म्हणजे ऐन मुसळधारेत नव्हे. ताज्या कापलेल्या मुळांवर आठवडाभर सतत पाणी राहिलं की बुरशी शिरते. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला पंधरवडा, आणि त्यानंतर तीन आठवडे छपराखाली. हवेतला दमटपणा मिळतो, पाण्याचा मारा नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी कोणत्याही फायकसची (वड, पिंपळ, उंबर, नांद्रूक यांचं कुळ) मुळं कापू नयेत. रात्री गार असतात, नवी मुळं फुटायला फार वेळ लागतो.

घणसोली_गच्ची | १० मे, सायं. ६:१५

रेतीबद्दल एक इशारा, आपल्या भागासाठी महत्त्वाचा. खाडीची रेती खारट असते. तशीच वापरली तर पंधरा-वीस दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात. बादलीत रात्रभर भिजवून पाणी ओता, असं किमान पाच-सहा वेळा. शंका असेल तर सरळ क्रश सँड घ्या, ती दगड फोडून केलेली असते, मिठाचा प्रश्न नाही. धुऊन वरची पावडर मात्र काढायलाच हवी.

बोअरवेलचं पाणी घालणाऱ्यांसाठी: ट्रेच्या काठावर आणि खोडाच्या बुंध्याशी पांढरं कीट चढलं तर ते क्षार आहेत. या झाडांना पहिल्या दोन-तीन पावसांत मुद्दाम बाहेर ठेवा, सगळं धुऊन निघतं. त्याहून चांगली धुलाई नाही.

सानपाडा_सज्जा | १० मे, रात्री ९:४०

नवीन सदस्य. पूर्वेची बाल्कनी, ऊन सकाळी तीन तास. नर्सरीत जुनिपर सुंदर दिसतंय, घ्यावं का?

खारघरची_पारंबी | १० मे, रात्री ९:५८

नको. जुनिपरला खरी थंडी लागते, काही आठवडे विश्रांती लागते. आपल्या किनाऱ्यावर ती मिळत नाही. शिवाय ते मेलं तरी दीड-दोन महिने हिरवंच दिसतं, त्यामुळे चूक कुठे झाली तेही कळत नाही.

तीन तासांच्या उन्हात नांद्रूक उत्तम. पानं मुळात लहान, सावली सोसतं, छाटणीनंतर जुन्या लाकडावरूनही फुटतं. दुसरं कामिनी. चार-पाच तास ऊन असेल तर बोगनवेल, चिंच, विलायती चिंच. जेड सुद्धा, पण ते पावसात अजिबात ठेवायचं नाही. वड हौसेने सगळेच घेतात, पण त्याचं पान मोठं. छाटून-छाटूनही ते एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही, म्हणून वडाचं बोन्साय ६० सेंमीच्या वरच शोभतं. ६ इंची वड म्हणजे पानांचा गुच्छ.

सानपाडा_सज्जा | १० मे, रात्री १०:०३

नांद्रूक पक्कं. धन्यवाद ताई.

उपवनकाठ | ११ मे, सकाळी ९:१०

येऊरच्या वाटेवर दगडांत वाढलेली जुनी, पिळदार झाडं दिसतात. जपानमध्येही डोंगरातून झाडं आणायची परंपरा आहे. पावसाळ्यात एखादं काढून आणलं तर जगेल का?

मुळाक्षर | ११ मे, सकाळी ९:३४

आणू नका. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून रोप उपटणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. शहरातल्या मोठ्या झाडांना १९७५ चा वेगळा वृक्ष कायदा आहेच.

तसं खोड आपल्या इमारतींवरच मिळतं. ड्रेनेज पाइपच्या सांध्यात, गच्चीच्या कठड्यात, पाण्याच्या टाकीखाली पिंपळ, वड आणि उंबर उगवतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं. ही झाडं भिंतीला तडे देतात, सोसायटीला ती काढायचीच असतात. समितीला विचारून पावसाच्या सुरुवातीला काढा. प्लास्टर छिन्नीने सैल करा, मूळ ओढून तोडू नका, धारदार पात्याने कापा. हाती बहुधा एक जाड चपटं मूळ आणि चार केस एवढंच येतं, तरी पुरतं. वरची वाढ १० ते १५ सेंमी ठेवून छाटा, पानं काढा, चीक पाण्याने धुवा, नुसत्या विटांच्या कणांत लावा आणि पारदर्शक पिशवीचा तंबू करून उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. पालवी दिसल्यावर लगेच पिशवी काढायची घाई नको. आधी खोडातल्या साठ्यावर पानं फुटतात, मुळं त्यानंतर येतात. पानं पूर्ण उलगडून टणक झाली की पिशवीला एक-एक भोक पाडत जा.

उंच बाहेरच्या भिंतीवरचं झाड स्वतः वाकून काढू नका. रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंगसाठी परांची बांधलेली असते तेव्हा कारागिराला सांगा.

दारचा_उंबर | ११ मे, दुपारी १२:२५

यात भर: वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जातात. पूजा झालेल्या फांदीतून पेन्सिल ते अंगठ्याएवढा जाड, १५-२० सेंमीचा तुकडा निवडा. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या, टोकाची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. चीक धुऊन तासभर सावलीत सुकवा, मग धुतलेल्या जाड रेतीत एक तृतीयांश पुरा. ज्येष्ठातली हवा दमट असते, वड सहज मुळं धरतो. पुढच्या वर्षी त्याच झाडाची पूजा करा, फांदी तोडायला नको.

फक्त बोन्सायभोवती सूत गुंडाळलं तर पूजा झाल्यावर ते त्याच दिवशी सोडा. पावसाळ्यात वडाचं खोड झपाट्याने जाड होतं आणि सूत सालीत रुततं. दूध आणि हळदकुंकू बुंध्याशी नको, समोर ताम्हनात अर्पण करा. ट्रेमध्ये पडलेलं दूध कुजतं आणि मुंग्या येतात.

खारघरची_पारंबी | ११ मे, दुपारी १२:५०

किती सुंदर कल्पना. ही तर प्रत्येक सोसायटीत सांगायला हवी.

सेक्टर_सतरा | ११ मे, रात्री ८:४४

सर्वांचा आदर ठेवून विचारतो. शंभर फूट वाढणाऱ्या वडाला ताटात कोंबणं, तारांनी आवळणं, मुळं कापणं हा छळ नाही का?

मुळाक्षर | ११ मे, रात्री ९:३०

प्रश्न रास्त आहे, आणि वाईट रीतीने केलं तर तो छळच असतो. उपाशी, तहानलेलं झाड लहान राहतं हे खरं, पण ते बोन्साय नव्हे. बोन्साय लहान राहतं छाटणीमुळे. त्याला खत-पाणी भरपूर लागतं. मुळं कापल्यावर कापाजवळून नवी बारीक मुळं फुटतात आणि पाणी शोषायचं काम तीच करतात. कुंडीत मुळं न कापता ठेवलेलं झाड स्वतःच्या मुळांचा वेटोळा करून घुसमटतं, ते जास्त वाईट.

आयुष्य हा पुरावा मानला तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातला यामाकी कुटुंबाचा पांढरा पाइन पाहा. १६२५ पासून कुंडीत जोपासलेला. १९४५ मध्ये हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तो तिथून तीनेक किलोमीटरवर होता आणि वाचला. १९७६ मध्ये जपानने भेट दिलेल्या झाडांत तो अमेरिकेत गेला. छळून इतकी वर्षं झाड जगत नाही, पिढ्यान्‌पिढ्या रोज पाणी घातल्यावर जगतं.

सेक्टर_सतरा | ११ मे, रात्री ९:४१

हे माहीत नव्हतं. पटलं बऱ्यापैकी.

दारचा_उंबर | १२ मे, सकाळी ८:००

तारेचा विषय निघालाच आहे तर. ॲल्युमिनियमची तार, जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, गुंडाळी ४५ अंशात. आधी बुंध्याला अडकवून घ्या, मग फांदीवर न्या, आणि जवळच्या दोन फांद्या एकाच तारेने बांधा म्हणजे ती सरकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात फायकसला तार ४ ते ६ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये. दर रविवारी बघा. साल तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगायला लागली की वेळ झाली. तार उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा. उलगडताना फांदी मोडते. रुतलेली खूण बुजायला वडाला वर्ष-दोन वर्षं लागतात.

मृद्गंध_नौपाडा | १२ मे, रात्री १०:२०

भरपूर मिळालं. एकच विचारायचं राहिलं, कुंडीबदल करताना पानंही सगळी काढावीत का? दोन मतं वाचली आहेत.

खारघरची_पारंबी | १२ मे, रात्री १०:४५

एकाच वेळी दोन्ही नको, असं माझं ठाम मत. पानं लहान करायला पूर्ण पर्णछाटणी करायची तर ती सशक्त झाडावर, मुळांना हात न लावलेल्या वर्षी, मेअखेर ते जून. देठ ठेवून पान कापा. देठ आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप गळतो आणि त्याच्या बगलेतला डोळा शाबूत राहतो. कुंडीबदलाच्या वर्षी फक्त मोठी पानं अर्धी कापा, जेवढी मुळं गेली त्या मानाने. मुळं एका वेळी एक तृतीयांश, त्यातही खाली जाणारी जाड आधी. आडवी पसरणारी बारीक मुळं राखा, पुढे बुंध्याचा देखणा पसारा त्यांचाच होतो. काम चालू असताना मुळांवर पाण्याचा फवारा सतत हवा, पंखा बंद. लावल्यावर महिनाभर खत नाही.

मृद्गंध_नौपाडा | १९ जुलै, रात्री ९:१५

धागा वर काढतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात नांद्रूक ६:२:२ मध्ये लावला, तीन आठवडे छपराखाली, मग उघड्यावर. या आठवड्यातल्या संततधारेनंतर आतली जुनी पानं पिवळी होऊन गळतायत, शेंड्याची पानं हिरवी आहेत. काही शेंड्यांची पानं मात्र मिटलेली, आत काळे बारीक किडे. मुळं कुजतायत का?

चाळणी | १९ जुलै, रात्री ९:३३

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतली जुनी पानं पिवळी आणि शेंडा जोमात, म्हणजे आत उजेड पोचत नाही आणि पावसाने नत्र धुऊन नेलंय. विटांच्या मिश्रणात हे होणारच, त्यात अन्न साठत नाही. बाहेरचे दाट शेंडे दोन पानांवर खुडा आणि उघडीप पडली की १९:१९:१९ दर आठवड्याला, लिटरला अर्धा ग्रॅम.

मुळकूज असती तर उलट दिसलं असतं: शेंडे आधी माना टाकतात, माती ओली असूनही. खात्री करायची तर ट्रेच्या भोकाशी नाक लावा. कुबट, सडका वास म्हणजे कूज. पावसाळी मातीचा वास म्हणजे ठीक. कडेचं एक मूळ काडीने उकरून बघा, टोक पांढरं-पिवळसर आणि टणक हवं. काळं आणि चिमटीत साल सुटणारं असेल तर ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम घालून ओता. कॉपरची बुरशीनाशक पावडर घालायची असेल तर दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, कॉपरने ट्रायकोडर्मा मरतो.

घणसोली_गच्ची | १९ जुलै, रात्री ९:५०

मिटलेली पानं म्हणजे थ्रिप्स (फुलकिडे). नांद्रूकवर हमखास येतात. किडे घडीच्या आत असल्यामुळे फवारा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आधी मिटलेली सगळी पानं खुडून पिशवीत बंद करून टाका, कुंडीत टाकू नका. मग निंबोळी तेल ५ मिली आणि पातळ साबण १ मिली, लिटरभर कोमट पाण्यात, संध्याकाळी, नव्या पालवीवर. पाऊस लागला तर पुन्हा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा.

मुळाक्षर | १९ जुलै, रात्री १०:०५

आणि ट्रेखाली वीट आहे ना?

मृद्गंध_नौपाडा | १९ जुलै, रात्री १०:११

वीट होती, पण महिनाभर एकाच टोकाखाली. पिवळी पानं खालच्या टोकाकडच्या बाजूलाच जास्त आहेत, आता लक्षात आलं. वास घेतला, कुबट नाही. दोन मुळं पाहिली, वरच्या टोकाला पांढरी, खालच्या टोकाला तपकिरी पण टणक.

मुळाक्षर | १९ जुलै, रात्री १०:२०

मग आज रात्रीच टोक बदला. तपकिरी आणि टणक मूळ जिवंत असतं, हवा मिळाली की त्यावर पांढरी टोकं फुटतील. दहा-बारा दिवसांनी त्याच जागी पुन्हा उकरून बघा आणि इथे कळवा.